फिरलेल्या घराचे वासे

घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण वापरताना आपण नेहमी घरधन्याच्या बाजूने उभे असतो. बिचाऱ्याचे दिवस फिरले आणि कालपर्यंत त्याच्या जिवावर जगणारे आज त्याच्यावर उलटले, असा तिचा अर्थ आपण करतो. वाशांची बाजू कुणी विचारीत नाही. किती वर्षे ते छपराचा भार वाहत होते, त्यांना कीड कधी लागली, मान वर करून पाहायला घरधन्याला सवड झाली होती की नाही, हे प्रश्न म्हणीत मावत नाहीत. ते कादंबरीत मावू शकतात. किंबहुना कादंबरी हा वाङ्मयप्रकार त्यांच्यासाठीच जन्माला आला असावा.

अमेरिकेविषयी गेली काही वर्षे हीच म्हण निरनिराळ्या शब्दांत कानी येते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जगातल्या कारखानी मालापैकी निम्म्याच्या आसपास माल त्या एका देशात तयार होत असे. आज जगाच्या एकूण उत्पन्नात तिचा वाटा चौथाईच्या घरात आहे. चौथाई म्हणजे काही थोडी नव्हे. नुसत्या चौथाईच्या वसुलीवर मराठ्यांनी एके काळी साऱ्या हिंदुस्थानला धाकात ठेवले होते! तेव्हा ही महासत्ता खरोखरच उतरणीला लागली आहे काय, हा वाद अर्थशास्त्र्यांनी खुशाल घालावा. आपले घर उतरणीला लागले असे त्या देशातल्या कोट्यवधी माणसांना वाटते, एवढे कादंबरीकाराला पुरे आहे. 'अमेरिकेला पुन्हा थोर करू' ही घोषणा १९८० साली रेगनने वापरली आणि २०१६ साली ट्रम्पने. तिच्यातला 'थोर' हा शब्द कोणत्याही देशाच्या कोणत्याही पुढाऱ्याच्या तोंडी शोभेल. खरा शब्द आहे 'पुन्हा'. ज्याच्या घरातून काही गेलेले नाही तो 'पुन्हा' म्हणत नाही.

काय गेले आणि कुणी नेले, याची विचारपूस करणारी तीन अमेरिकन पुस्तके मी वर्षभरात वाचली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. इंग्रजी पुस्तक कोश उशाशी घेऊन वाचतो, म्हणून सावकाश वाचतो. सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो. लेखकाने जिथे घाई केली ती जागा चटकन बोटाला लागते.

सिंक्लेअर लुईसच्या 'इट कान्ट हॅपन हिअर' या कादंबरीत तर अशा जागा पानोपानी आहेत. १९३५ साली ती त्याने काही महिन्यांत हातावेगळी केली. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारा पहिला अमेरिकन म्हणून १९३० सालीच त्याचे नाव झाले होते. त्याची पत्नी डोरोथी थॉम्पसन वृत्तपत्रात लिहीत असे, आणि हिटलरच्या सरकारने १९३४ साली तिला जर्मनीतून घालवून दिले होते. म्हणजे वणवा कसा पेटतो याची ताजी हकिगत लुईसच्या घरातच होती. इकडे लुइझियाना राज्यात ह्यू लाँग नावाचा पुढारी गोरगरिबांना संपत्तीची वाटणी कबूल करून राष्ट्राध्यक्षपदाकडे डोळे लावून बसला होता. पुस्तक बाजारात येण्याच्या सुमारे महिनाभर आधी तो गोळी लागून मेला. पण तोपर्यंत लुईसचा बझ विंड्रिप कागदावर उभा राहून बोलू लागला होता.

विंड्रिप हा जत्रेत औषधे विकणाऱ्यांच्या जातीचा. तो खोटे बोलतो, आणि ते खोटे आहे हे ऐकणाऱ्यालाही आतून ठाऊक असते. पण बोलणारा आपल्यातला आहे, आपल्याच भाषेत साहेबलोकांची टोपी उडवतो आहे, या आनंदात तो सारे खपवून घेतो. हा आनंद लुईसने फार चांगला ओळखला आहे. कादंबरीतली १९३६ ची निवडणूक जिंकून विंड्रिप सत्तेवर येतो, आपल्या दांडगेश्वरांना 'मिनिट मेन' हे स्वातंत्र्ययुद्धातले पवित्र नाव देतो आणि मग पाहता पाहता वर्तमानपत्रे, न्यायालये, विद्यापीठे त्याच्या दावणीला बांधली जातात.

तथापि या कादंबरीचे मर्म विंड्रिपमध्ये नाही. ते व्हर्मांट राज्यातल्या फोर्ट ब्यूला नावाच्या काल्पनिक गावी, डोरेमस जेसप या साठीच्या संपादकाच्या परसात आहे. शॅड लेड्यू हा जेसपचा गडी. अंगाने धिप्पाड, कामात टंगळमंगळ करणारा, तोंडाने उद्धट. जेसप त्याला सांभाळून घेतो आणि मनातल्या मनात हसतो. विंड्रिपचे राज्य येते, आणि हाच शॅड त्या भागाचा अधिकारी होऊन मालकापुढे उभा राहतो. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. लुईसला सोन्याची खाण सापडली होती! मालक आत बसून लोकशाहीवर अग्रलेख लिहितो आहे, घरातली मंडळी पुस्तकांच्या गप्पा मारताहेत, आणि खिडकीबाहेर शॅडच्या हातात फावडे आहे. इतकी वर्षे त्याने या घराकडे कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल? घरातल्या हसण्यातले किती हसू आपल्यावर आहे, हे त्याला केव्हा कळले असेल?

लुईस आत शिरत नाही. शॅडला दुष्ट ठरवून तो मोकळा होतो. पुढे शॅड पैसे खातो, जेसपच्या धाकट्या मुलीवर डोळा ठेवतो, तिच्याच डावात सापडून छावणीत कैदी होतो, आणि ज्यांना त्याने छळले तेच कैदी त्याला जाळून मारतात. खलनायकाला साजेसे मरण. वाचकाचे समाधान होते आणि कादंबरी तिथेच लहान होते.

लुईसला याची चाहूल लागली नव्हती असे नाही. ही हुकूमशाही कुणामुळे आली याचा विचार करताना जेसप दोष देतो तो भल्या, प्रतिष्ठित आणि आळशी मनाच्या माणसांना, म्हणजे स्वतःला. ही कबुली मोठ्या मनाची आहे, आणि पुस्तकातला तो सर्वांत गंभीर भाग आहे. परंतु वेळीच विरोध केला नाही एवढाच जेसपच्या लेखी त्याचा गुन्हा. परसातल्या माणसाला आपण कधी माणूस म्हणून विचारले नाही, हे त्या कबुलीत कुठे ठसत नाही. कादंबरीचा उत्तरार्ध तर सरळ चित्रपटाच्या वळणाने जातो. जेसपची विधवा झालेली मुलगी आपले विमान शत्रूच्या विमानावर नेऊन आदळते, तेव्हा मला लेखकाची दया आली. २०१७ च्या सुरुवातीला, ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्ष झाला तेव्हा, हे पुस्तक अमेरिकेत पुन्हा धडाक्याने खपले. लोकांनी त्यात विंड्रिप शोधला असणार. शॅडला कितीजणांनी शोधले असेल याची मला शंका आहे.

फिलिप रॉथची 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' ही कादंबरी २००४ सालची. कलाकृती म्हणून ती लुईसच्या कादंबरीपेक्षा कितीतरी वरची आहे. १९४० च्या निवडणुकीत रूझवेल्टऐवजी विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग निवडून आला असता तर काय झाले असते, ही तिची कल्पना. कल्पनेचा पाया मात्र पक्का आहे. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा अमेरिकेच्या गळ्यातला ताईत होता. १९३८ साली त्याने गोअरिंगच्या हातून जर्मन पदक घेतले. 'अमेरिका प्रथम' हे नाव घेतलेल्या समितीच्या सभा त्याने गाजवल्या, आणि ११ सप्टेंबर १९४१ च्या द मॉइन येथील भाषणात देशाला युद्धात ढकलणाऱ्यांमध्ये त्याने ज्यूंचे नाव घेतले. रॉथने इतिहासाचा एकच सांधा बदलला, आणि मग आपल्याच लहानपणच्या न्यूअर्कमधल्या घरात, सात वर्षांच्या फिलिपच्या उंचीवरून, तो राज्य फिरताना पाहत बसला.

ही उंची महत्त्वाची आहे. त्या उंचीवरून अध्यक्ष दिसत नाही. दिसतो विमा कंपनीत नोकरी करणारा बाप, जो देश सोडायचे नाव काढू देत नाही. दिसतो थोरला भाऊ सँडी, जो आपण काढलेली लिंडबर्गची चित्रे पलंगाखाली लपवतो. चुलतभाऊ आल्विन कॅनडाच्या सैन्यात जाऊन पाय गमावून येतो. मावशी सत्तेला चिकटलेल्या एका धर्मगुरूशी लग्न करते. सरकार ज्यू मुलांना 'खरे अमेरिकन' करण्यासाठी उन्हाळ्यात खेड्यांतल्या शेतांवर पाठवते. सँडी केंटकीत मॉव्हिनी नावाच्या शेतकऱ्याकडे तंबाखूच्या शेतात राबून परत येतो तो आईबापांकडे तुच्छतेने पाहू लागलेला. राष्ट्राची फाळणी लोकसभेत होण्याआधी ताटावर होते, हे इतक्या बारकाईने दाखवणारी कादंबरी मी तरी दुसरी वाचलेली नाही. पुढे बाप आणि आल्विन यांच्यात बैठकीच्या खोलीत रक्त निघेपर्यंत मारामारी होते. एका पक्षाच्या बाजूने असणारी ही दोन माणसे! भीती माणसांना जवळ आणते असे आपण ऐकतो. रॉथच्या घरात ती जवळच्यांनाच आधी फाडते.

आणि रॉथ लहानग्या फिलिपलाही सोडत नाही. ज्यू कुटुंबांना दूरच्या राज्यांत हलवण्याची सरकारी योजना येते तेव्हा हा मुलगा मावशीकडे जाऊन शेजारच्या सेल्डनचे नाव गुपचूप सुचवतो. कारण तो चिकट पोरगा त्याला नकोसा असतो, एवढेच. सेल्डन आणि त्याची आई केंटकीतल्या डॅनव्हिलला फेकली जातात. पुढे दंगली उसळतात, आणि एका रात्री ती आई घरी परत येत नाही. सेल्डन घरात एकटा. फिलिपची आई न्यूअर्कहून त्याच्याशी टेलिफोनवर बोलते. काय बोलते? काही खाल्लेस का, दूध कुठे आहे, वाडग्यात काढ, खा. एका मोठ्या राष्ट्राची घडी विस्कटते आहे आणि शेकडो मैलांवरून एक बाई परक्या पोराला जेवू घालते आहे. या दहा-बारा पानांसाठी मी रॉथचे बाकी सारे दोष माफ करीन.

दोष आहेत, आणि शेवटचा दोष मोठा आहे. त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडे आडवळण घेतो. ज्या न्यू जर्सी राज्यात रॉथचे न्यूअर्क आहे, त्याच राज्यातल्या एडिसन गावी आज मराठी घरे आहेत. माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी तिथे संगणकाच्या कामावर असतो. रॉथची कादंबरी मला त्यानेच धाडली आणि सोबत लिहिले, "सर, यातला बाप पाहा. राहायचे की जायचे, हे ठरवण्यातच त्याचे सगळे पुस्तक संपते." २०२५ च्या सप्टेंबरात परदेशी तंत्रज्ञांच्या एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसवण्यात आला, तेव्हा त्याच्याही घरात रात्री उशिरापर्यंत बोलणी चालली होती. मी दोन्ही घरांची भीती एका मापाने मोजीत नाही. रॉथच्या घरातली भीती जिवाची, ही पोटाची. पण त्या बोलण्याच्या वेळी टेबलाच्या कडेला एक मूल बसलेले असते, ज्याने तो एकच देश आपला म्हणून पाहिलेला असतो. त्याला 'जायचे' हा शब्द कसा ऐकू येत असेल, हे मला रॉथ वाचल्यावर कळले.

आता शेवट. कादंबरीत लिंडबर्ग ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून अध्यक्ष होतो. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, तो एकटा विमानात बसून उडतो तो नाहीसाच होतो. थोडे दिवस अंदाधुंदी माजते, मग रूझवेल्ट पुन्हा निवडून येतो, जपानचा हल्ला एका वर्षाने उशिरा होतो, आणि इतिहासाची घसरलेली आगगाडी लेखक दोन हातांनी उचलून रुळावर ठेवतो. भरीला एक आवईही आहे: १९३२ साली पळवून नेलेले लिंडबर्गचे मूल नाझींच्या हाती होते आणि त्याच्या जोरावर ते बापाला नाचवीत होते. रॉथ ही आवई खरी म्हणून सांगत नाही, पण पुसतही नाही. म्हणजे दोष शेवटी परक्यावर जाऊ शकतो. मग त्या ४६ राज्यांतल्या माणसांचे काय? त्यांनी मते दिली होती ती काही नाझींनी त्यांची मुले पळवली म्हणून नव्हे. विमान नाहीसे झाले त्या सकाळी ती कुठे गेली? रॉथ विचारीत नाही.

इतिहासाने मात्र विचारले. २०२० च्या निवडणुकीत जो उमेदवार हरला त्याच्या पेटीत सुमारे ७ कोटी ४२ लाख मते होती. ६ जानेवारी २०२१ रोजी त्याच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. अनेकांना वाटले, संपले. विमान नाहीसे झाले. २०२४ साली तोच उमेदवार ७ कोटी ७० लाखांवर मते घेऊन परत आला, आणि प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांना सुमारे साडेसात कोटी मते पडली. दोन्ही बाजूंची ही माणसे कुठून येत नाहीत आणि कुठे जात नाहीत. ती त्याच रस्त्यांवरच्या त्याच घरांत राहतात. हे ठाऊक असणाऱ्या आजच्या वाचकाला रॉथचा शेवट हा शेवट वाटतच नाही.

लुईस परसात शिरला नाही, रॉथ केंटकीतल्या शेतावर फार वेळ थांबला नाही. तिसऱ्या पुस्तकाचा लेखक त्याच मुलखातला आहे. जे. डी. व्हान्स याचे 'हिलबिली एलिजी' हे आत्मकथन २०१६ साली आले, तेव्हा तो एकतिशीत होता. आजी-आजोबा केंटकीच्या डोंगरातून ओहायोतल्या मिडलटाउन गावी आलेले. आजोबा आर्मको कंपनीच्या पोलाद कारखान्यात. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर गाव उठायचे आणि निजायचे, त्याची पूर्वीची शान गेली तशी गावाचीही गेली. साऱ्या देशात १९७९ साली कारखान्यांतून सुमारे १ कोटी ९५ लाख माणसे कामाला होती. २०१० च्या सुरुवातीला ती सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. लोकसंख्या मात्र मधल्या काळात वाढतच होती. रिकाम्या हातांत काय आले, ते २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही सालांत मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने दरसाल लाखावर माणसे गेली यावरून कळते. व्हान्सची आई या व्यसनातलीच.

या पुस्तकातली आजी मी विसरणार नाही. शिव्या देणारी, दारुड्या नवऱ्याला पेटवून द्यायला निघालेली, मेल्यावर घरात १९ भरलेली पिस्तुले निघाली अशी बाई. आणि तीच नातवाच्या गणितासाठी पदरमोड करून महागडे गणकयंत्र विकत आणते. लुईसला शॅडच्या मागे हे घर दिसले असते तर! पण व्हान्स हा जातीचा कथाकार नव्हे. दोन पाने आजीला बोलू दिले की त्याला व्याख्यान सुचते. त्या व्याख्यानाचा आशय असा, की आपली माणसे आपल्या दुर्दशेचा दोष सदा दुसऱ्यावर टाकतात. त्यांनी आधी स्वतःकडे पाहावे. मला तो आशय अपुरा वाटतो, कारण कारखान्याची शान काही आजीने घालवली नव्हती. परंतु पुस्तकापुरता तो प्रामाणिक आहे. त्या साली व्हान्स ट्रम्पचा उघड टीकाकार होता. पुढे तो त्याचा सहकारी झाला, २०२२ साली सिनेटवर निवडून आला आणि २० जानेवारी २०२५ रोजी उपाध्यक्ष. पुस्तकात स्वतःच्या माणसांकडे वळलेले बोट व्यासपीठावर परदेशांकडे आणि बाहेरून आलेल्यांकडे वळले. राजकारणी माणूस मत बदलतो यात नवल नाही. मला खंत वाटते ती लेखक म्हणून: परसातल्या माणसाची गोष्ट सांगू शकणारा एकजण मिळाला होता, तो गोष्ट अर्धी टाकून सभेला निघून गेला.

म्हणून मला अजून एक कादंबरी वाचायची आहे, आणि ती माझ्या माहितीत कुणी लिहिलेली नाही. तिचे बी रॉथच्याच पुस्तकात पडलेले आहे. सेल्डनच्या आईला दंगलीत मारल्याचे कळते तेव्हा न्यूअर्कहून फिलिपचा बाप मोटार घेऊन निघतो. पण रस्ता लांबचा, आणि पोर तर तिथे एकटे. तेव्हा त्याला आधी जाऊन आणतात ते मॉव्हिनीच्या घरचे लोक. तेच तंबाखूवाले, ज्यांनी सँडीला आईबापांपासून तोडले असे वाचक इतका वेळ धरून चालला होता. ज्या राज्याने लिंडबर्गला निवडून दिले त्या राज्यातले. ते पेटलेल्या मुलखातून डॅनव्हिलला जातात आणि ज्यूचे पोर आपल्या घरी आणून ठेवतात. रॉथ हे थोड्या ओळींत सांगून न्यूअर्कच्या मोटारीकडे वळतो. ती मोटार येईपर्यंत सेल्डन त्या घरात बसला असणार, त्याच्यापुढे कुणीतरी ताट ठेवले असणार, आणि मॉव्हिनी त्याच्यासमोर बसून काहीतरी बोलला असणार.